माजलेली पऱ्हाटी

ऑगस्टच्या मध्यावर विदर्भातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात तासभर उभं राहिलं, तर दोन प्रकारचं गिऱ्हाईक दिसतं. एकाला युरियाच्या दोन गोण्या हव्या असतात. दुसऱ्याला ‘तुडतुड्यावर जरा जोरदार’ काहीतरी हवं असतं. पुष्कळदा हे दोघे म्हणजे एकच माणूस असतो. मध्ये पंधरा-वीस दिवस गेलेले असतात, एवढंच. दुकानदाराच्या वहीत खत आणि औषध एकाच नावावर, उधारीच्या एकाच पानावर चढतं. शेतकऱ्याच्या मनात मात्र ही खाती वेगळी असतात: खतानं पीक वाढतं, औषधानं ते वाचतं. पिकाच्या अंगात काय चालतं ते पाहिलं, की दुकानदाराची वही विज्ञानाच्या जास्त जवळ आहे हे कबूल करावं लागतं.

हे समजून घ्यायला कपाशीइतकं सोयीचं पीक नाही. महाराष्ट्रात दरवर्षी साधारण 40 लाख हेक्टरवर ती उभी असते आणि त्यातली बहुतेक पावसाच्या भरवशावर. बीटी बियाणं येण्यापूर्वी देशातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी पाच टक्क्यांच्या आसपास जमीन कपाशीची होती, पण कीटकनाशकं जवळजवळ निम्मी तिच्यावरच खर्ची पडत. त्याला कारणही आहे. ज्वारी, मूग, सोयाबीन दोन ते चार महिन्यांत घरात येतात. कपाशी पाच-सहा महिने शेतात राहते. कोवळी पालवी, पात्या, फुलं, हिरवी बोंडं यांचा क्रम तिच्यावर सतत चालू असतो. किडीच्या पिढ्यांमागून पिढ्या बसून जेवतील असा हा मुक्काम.

आधी गोणीकडे पाहू. युरियाची गोणी आता 45 किलोची असते आणि शेतकऱ्याला ती 266 रुपये 50 पैशांना मिळते. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे एका गोणीत वीस किलो सातशे ग्रॅम. वास्तविक पिकाभोवतीच्या हवेत 78 टक्के नत्रच भरलेलं आहे. पण त्याच्या दोन अणूंची मिठी इतकी घट्ट असते, की वनस्पतीला ती सोडवता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते काम करतात. माणसाला ते जमलं 1909 मध्ये. जर्मनीतल्या फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाबाखाली हवेतल्या नत्राचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया काढून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना केला आणि 1913 मध्ये ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना 1951 मध्ये चालू झाला, मग ट्रॉम्बे, थळ. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही नावं मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बसली ती तिथून.

गोणी फोडून युरिया शेतात टाकल्यावर पुढचा प्रवास असा. मातीतलं युरिएज नावाचं विकर युरियाचा अमोनिया करतं आणि मग जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. आपली काळी जमीन विम्लधर्मी, म्हणजे पीएच सातच्या वर. अशा जमिनीवर युरिया नुसता फेकला आणि पाऊस रुसला, तर त्यातला बराच अमोनिया हवेत उडून जातो. उलट फेकल्यावर धो धो कोसळला, तर नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं. टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमीच पिकाच्या पदरात पडतं, ते यामुळे. म्हणून शिफारस असते ती हप्त्याहप्त्यानं देण्याची: थोडं पेरणीबरोबर, बाकीचं पात्या आणि बोंडं धरताना, ओल असताना, झाडापासून थोडं दूर, मातीत झाकून. पण पावसानं दिलेल्या उघडिपीत मजूर मिळाला तर मिळाला, अशी परिस्थिती असते. मग महिन्याभराचं नत्र एका दिवसात पडतं.

ते मुळांनी ओढून घेतलं, की पानात त्याची अमिनो आम्लं होतात आणि अमिनो आम्लांची साखळी जोडून प्रथिनं. हे जोडकाम झाडाच्या आवाक्यातलं असेल, तर सगळं ठीक. नत्र आवाक्याबाहेर आलं तर अमिनो आम्लं सुटीच राहतात आणि रसाबरोबर फिरत राहतात. पान मोठं होतं, गडद हिरवं होतं, पण त्याच्या पेशींच्या भिंती पातळ पडतात. फांद्यांची पेरं लांबतात. दोन ओळींतली झाडं एकमेकांत घुसतात, खाली ऊन पोचत नाही, सावलीतल्या पात्या गळतात. पऱ्हाटी माजते. बांधावरून जाणारा मात्र थबकतो आणि म्हणतो, “काय जोरात आहे वावर!” या कौतुकानं कपाशीचं जितकं नुकसान केलं असेल, तितकं एखाद्या किडीनंही केलं नसेल.

असं एक पान उलटं करून भिंगाखाली धरलं, की कौतुक कुणाकुणापर्यंत पोचलं आहे ते दिसतं. शिरांच्या कडेनं हिरवट-पिवळा, कधी काळपट मावा चिकटून बसलेला असतो. प्रत्येकाची सोंड पानात रुतलेली. मावा पितो तो झाडाचा साखररस. त्यात साखर रग्गड, पण वाढीला लागणारी अमिनो आम्लं थोडीच. म्हणून तो लागेल त्याच्या कितीतरी पट रस पितो आणि जादा साखर मागच्या बाजूनं थेंबाथेंबानं सोडून देतो. पानं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते. शेतकरी त्यालाच चिकटा म्हणतो. आता रसातच अमिनो आम्लं वाढली तर काय होईल? माव्याची अडचणच संपते. ऋतू अनुकूल असला की माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही आणि ती अंडी न घालता थेट पिल्लं देते. त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिल्लांची तयारी आधीच सुरू झालेली असते. आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः आई होतं. चार दिवसांपूर्वी स्वच्छ असलेलं शेत एकाएकी भरलं असं वाटतं, पण ते एकाएकी नसतं. गोणी फोडली त्या दिवसापासून त्याची बेगमी चालू असते.

तुडतुड्याची तऱ्हा थोडी निराळी. तो पानाच्या शिरेत अंडं खुपसतो आणि पानाखालच्या बाजूला तिरका तिरका चालतो. पानावर दाट लव असली तर त्याला हे जमत नाही. आपली जुनी देशी कपाशी रसशोषक किडींना पुरून उरायची. आखूड धाग्याची, पण काटक. अमेरिकी जातीच्या कपाशीचा धागा लांब आणि गिरणीला आवडणारा. पण तिच्यातल्या गुळगुळीत पानांच्या वाणांवर तुडतुडे हमखास. पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, खाली वळतात, मग तांबूस होऊन करपतात. कोवळं, रसरशीत पान असेल तर सगळं लवकर घडतं.

एवढं वाचून कुणी खताच्या नावानं बोटं मोडू लागेल, तर तेही बरोबर नाही. उपाशी झाड किडीला किंवा रोगाला जास्त तोंड देतं, असं मुळीच नाही. बोंडं भरण्याच्या वेळी नत्र संपलं, मॅग्नेशियम कमी पडलं, त्यात रात्री गारठू लागल्या, की कपाशी लाल पडते. हा लाल्या म्हणजे रोग नव्हेच, बहुतांशी झाडाचा ताण असतो. तो बुरशीनाशक मारून जात नाही, तरी दरवर्षी त्यावर बुरशीनाशक विकलं जातं.

आणि पालाश. पिकाच्या संरक्षणाचं खत कुठलं असं विचारलं, तर मी आधी पोटॅशचं नाव घेईन. पालाश पेशींच्या भिंती जाड करतो, पानावरची रंध्रं वेळेवर उघडमिट करतो, आणि मुख्य म्हणजे सुट्या अमिनो आम्लांची प्रथिनं व सुट्या साखरेचा पिठूळ साठा करणाऱ्या विकरांना चालना देतो. तो कमी पडला की जोडकाम तुंबतं. म्हणजे नत्र जास्त झालं काय किंवा पालाश कमी पडला काय, माव्याच्या ताटात पदार्थ तोच पडतो. काळ्या जमिनीत पालाश भरपूर, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. जमिनीत तो असतो हे खरं, पण वर्षानुवर्षं कापूस, ऊस, सोयाबीन काढून नेताना तोही जातो. आणि मातीच्या थरांत जखडलेला पालाश बोंडं भरण्याच्या घाईत मुळांना वेळेवर मिळेलच असं नाही.

मग शेतकरी पोटॅश का टाकत नाही? भाव पाहा. 1 एप्रिल 2010 पासून केंद्र सरकारनं खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान लागू केलं. स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे भाव मोकळे झाले, अनुदान ठरावीक झालं. युरिया या व्यवस्थेच्या बाहेर ठेवला गेला. त्याचा भाव सरकारनंच बांधून दिलेला राहिला. परिणाम व्हायचा तो झाला. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपयांना, पोटॅश त्याहूनही महाग आणि युरिया 266 रुपयांना. देशभरासाठी नत्र, स्फुरद, पालाश यांचं 4:2:1 हे प्रमाण आदर्श म्हणून सांगितलं जातं. ते कुठल्या कुठे गेलं. 2015 मध्ये सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन विकणं सक्तीचं झालं, त्यानं नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो आणि कारखान्यांकडे होणारी चोरीही कमी झाली. गोणी 50 किलोवरून 45 किलोची केली तीही अशाच हिशेबानं: शेतकरी गोण्या मोजून टाकतो, किलो मोजून नाही. पण भावातली दरी तशीच राहिली. दिल्लीत ठरलेला भाव असा पानातल्या रसात उतरतो आणि तिथून औषधाच्या बिलात.

फ्रान्सिस शाबुसू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं तर खत आणि किडीच्या या नात्यावर 1985 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. कीड निरोगी झाडावर उपाशी मरते; खतं आणि कीटकनाशकं झाडाचं रसायन बिघडवतात म्हणून ती माजते, असा त्याचा दावा. तो सरसकट खरा मानता येत नाही. बोंडअळी निरोगी बोंडही आवडीनं खाते आणि टोळधाड झाडाची तब्येत विचारत बसत नाही. मात्र रसशोषक किडींपुरता त्याच्या म्हणण्यात दम आहे.

आता औषधाचा डबा. योगायोग असा, की आधुनिक कीटकनाशकांचा एक मोठा वंश ओपाऊचा कारखाना ज्या कंपनीचा होता, तिच्याच गोतावळ्यात जन्मला. 1925 मध्ये जर्मन रसायन कंपन्यांनी मिळून आयजी फार्बेन हा संघ उभारला. त्यातल्या गेरहार्ड श्राडर यांना किडींवरची औषधं शोधताना 1936 मध्ये टाबुन हा विषारी युद्धवायू सापडला आणि 1944 मध्ये पॅराथिऑन. हेच पॅराथिऑन आपल्याकडे फॉलिडॉल म्हणून आलं. जुन्या पिढीतल्या माणसांना हे नाव शेतीपेक्षा आत्महत्येच्या बातम्यांमुळे जास्त आठवतं. 1958 मध्ये केरळात आणि शेजारच्या मद्रास राज्यात फॉलिडॉल सांडलेलं धान्य-पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. चौकशी आयोग बसला आणि त्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचा रंगीत त्रिकोण त्याच व्यवस्थेचा भाग: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरव्याचा अर्थ ‘निर्धोक’ असा मुळीच नाही, फक्त त्या मानानं कमी विषारी.

पॅराथिऑनच्या गटाची औषधं किडीच्या मज्जातंतूंतला एक दुवा पकडतात. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप गेला, की निरोप्या रसायन पुसून टाकणारं एक विकर असतं. औषध त्या विकरालाच बांधून ठेवतं. निरोप थांबतच नाही. किडा थरथरत मरतो. अडचण अशी की हाच दुवा माणसातही आहे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, लाळ, घाम, उलट्या, धाप ही फवारणाऱ्याला झालेल्या विषबाधेची लक्षणं त्यातूनच येतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन टोचलं जातं ते त्यावरच.

औषध मारल्यावर दोन दिवस शेत स्वच्छ दिसतं. पण तिथे मावा आणि तुडतुडे एवढेच नव्हते. ढालकिड्याच्या काळ्या-नारिंगी अळ्या मावा खात होत्या, क्रायसोपा या मित्रकिडीची बारीक देठावर उभी अंडी होती, कोळी होते. आणि माव्याच्या अंगात अंडी घालून त्याला फुगीर, तपकिरी खोका करून सोडणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या होत्या. हे सगळे मेले. यांची पैदास सावकाशीची, माव्याची धडाक्याची. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात मावा परततो तेव्हा त्याला अडवणारं कुणी नसतं.

इंडोनेशियानं हा धडा भाताच्या शेतात देशपातळीवर घेतला. तिथे सरकार कीटकनाशकांवर भरघोस अनुदान देत होतं आणि तपकिरी तुडतुड्यांनी भात जळत होता. जितकी फवारणी जास्त तितका तुडतुडा जास्त, कारण त्याला खाणारे कोळी आधी मरत. वर भरपूर युरियानं भात कोवळा. नोव्हेंबर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही संपवलं आणि शेतकऱ्यांना बांधावर बसवून किडी व कोळी मोजायला शिकवलं. भाताचं उत्पादन कोसळलं नाही. सुहार्तो हा काही पर्यावरणवादी माणूस नव्हता. देश नुकता तांदळात स्वयंपूर्ण झाला होता आणि ते पद जाऊ द्यायचं नव्हतं, इतकंच.

आपल्या कपाशीनं दुसरी वाट धरली. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला आणि खताला जोरदार प्रतिसाद देणारी, लांब मुदतीची, दरवर्षी नवं बियाणं लागणारी कपाशी रुजली. ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं आली. एका फवाऱ्यात हिरवी बोंडअळी आडवी व्हायची. 1987 च्या हंगामात आंध्रात गुंटूरच्या पट्ट्यात ती आडवी व्हायची थांबली. एकामागून एक फवारे मारले, अळी मरेना. औषधाला पुरून उरलेल्या अळ्यांचीच पिल्लावळ शेतात उरली होती.

मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. विष फवाऱ्यातून मारण्याऐवजी झाडातच तयार होणार, ही तिची खुबी. हिरव्या बोंडअळीपुरती ती सुरुवातीची वर्षं खरोखर उपयोगी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोंडअळीवरचे फवारे झपाट्यानं घटले. 2006 पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. पण बीटीचं विष अळीवर चालतं, मावा-तुडतुड्यावर नाही. बाजारात शेकडो संकरित वाण उतरले आणि त्यातल्या कितीतरी वाणांना तुडतुड्याचं वावडं नव्हतं. बोंडअळीची धास्ती गेल्यावर शेतकऱ्यानं पिकावर खतही सढळ हातानं टाकलं. बियाण्यालाच इमिडाक्लोप्रिड चोळून दिलेलं असे, पहिला महिना त्यावर निभावायचा. पुढे तेच औषध परत परत फवारलं गेलं आणि तुडतुडे त्यालाही सरावले. 2006 च्या सुमारास पिठ्या ढेकूण पसरला तेव्हा तर शेतकऱ्यांनी हाती लागेल ते मारलं. शेवटी त्याला मोठ्या प्रमाणात आवरलं ते त्याच्यावर जगणाऱ्या एका इवल्या परजीवी माशीनं, कुणी सोडलेली नसताना.

शेंदरी बोंडअळीची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी. ही अळी आपल्याकडची जुनी पाहुणी. 1843 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं तेच भारतातल्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून. राखाडी रंगाचा बारीक पतंग रात्री पात्यांवर, बोंडाच्या बुडाशी अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमानं गुंडाळून टाकते. शेतात सकाळी अशी न उमललेली, गुलाबासारखी आवळलेली फुलं दिसली की जाणता शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतो आणि सावध होतो. बोंडात शिरली तर आत जाण्याचं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, टणक. ते अंगठ्यानं दाबून फोडलं की आत पांढुरक्या, पुढे गुलाबी पट्ट्यांची होणारी अळी एक सरकी संपवून शेजारच्या पाकळीत निघालेली दिसते. रुई पिवळट, गोळा झालेली. बोंड फुटलं तरी ती पाकळी सुटत नाही, कवडीच हाती येते. फवाऱ्यातलं औषध बोंडाच्या सालीवर वाळतं. अळी सालीच्या आत जेवत असते.

तिच्यावर बीटी चालायला हवं होतं, काही वर्षं चाललंही. मग का थांबलं? एक कारण सर्वांना माहीत आहे. बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियांची छोटी पुडी मिळे. ती कडेनं लावायची, म्हणजे तिथे विषाला न सरावलेले पतंग तयार होतील आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहील. बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली. दुसरं कारण बोंडातच आहे. आपल्याकडे बीटी कपाशी संकरित वाणांतून दिली गेली. अशा संकरित झाडावर जी सरकी तयार होते, ती पुढची पिढी असते आणि वाटणीच्या नियमानं त्यातल्या साधारण सोळातल्या एका सरकीत दोन्ही विषं नसतात, सोळातल्या सहांत एकच असतं. सरकीवर जगणाऱ्या अळीला एकाच बोंडात बिनविषाचा घास, अर्ध्या विषाचा घास आणि पूर्ण विषाचा घास असं सगळं मिळतं. सरावण्यासाठी याहून चांगली शाळा मुद्दाम काढूनही निघाली नसती. अमेरिकेत बीटीचे सरळ वाण होते, जोडीला नपुंसक पतंग सोडण्याची मोहीम होती. तिथल्या कृषी खात्यानं 2018 मध्ये शेंदरी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, 2017 मध्ये, विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं पोखरली गेली होती.

त्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, मोनोक्रोटोफॉससह काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आणली. मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, नवे पंप बारीक तुषार उडवणारे होते, औषधांची मिश्रणं होती, अशी कारणं पुढे आली आणि ती खरीच आहेत. त्यांच्या जोडीचं आणखी एक कारण मला इथे महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी अनेक शेतांत कपाशी पाच-सहा फूट उंच गेली होती, फांद्यांची जाळी झाली होती. कमरेएवढ्या पिकात माणूस नळी खाली धरून चालतो, तुषार त्याच्या गुडघ्यापाशी राहतात. डोक्याएवढ्या पिकात नळी वर धरावी लागते आणि औषध तोंडावर, मानेवर, घामानं भिजलेल्या पाठीवर उतरतं. ऑगस्ट-सप्टेंबरचं दमट ऊन, मजुरी बहुधा पंपामागे ठरलेली, म्हणजे जितके पंप जास्त तितके पैसे जास्त. माजलेल्या पऱ्हाटीत आतपर्यंत औषध पोचत नाही म्हणून मात्रा वाढवायची; आणि झाड आधीच वाढलेलं असताना त्याच पंपात 19:19:19 सारखं विद्राव्य खत आणि एखादं ‘टॉनिक’ही ओतायचं. कुठलं औषध कशात मिसळलं तर काय होतं, याची चाचणी त्या पंपातच होते. हा सल्ला बहुतेक वेळा दुकानाच्या गल्ल्यावर मिळतो, कारण कृषी सहायकाकडे गावं अनेक आणि दुकानदाराकडे उधारी.

यावर जे उपाय आहेत ते नवे नाहीत आणि त्यांत चमत्कार नाही. 2008 मध्ये सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी हाहाकार केल्यानंतर महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ ही कीड-रोग पाहणीची योजना आली. नेमलेल्या शेतांत किडी मोजायच्या आणि मगच सल्ला द्यायचा, हे तिचं सूत्र. कपाशीच्या एका पानामागे तुडतुड्यांची दोन-तीन पिल्लं किंवा दहाच्या आसपास मावा दिसेपर्यंत फवारणीचा खर्च भरून निघत नाही. शेंदरी अळीसाठी कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री सापडले तर हात उचलायचा. शिवाय एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहायची, दोनांत अळी निघाली तर वेळ झाली. वीस बोंडं फोडायला अर्धा तास पुरतो. पण आपल्याच हातानं वीस बोंडं मोडायची म्हणजे जिवावर येतं, त्यापेक्षा हजार रुपयांचा फवारा मारणं मनाला सोपं जातं. पहिल्या दोन महिन्यांत शक्य तितकं जहाल औषध टाळावं आणि निंबोळी अर्कावर भागवावं हेही त्यात येतं, म्हणजे ढालकिडा आणि क्रायसोपा शेतात टिकतात. खताच्या बाजूनं पाहिलं तर माती परीक्षणाच्या अहवालातला पालाशाचा आकडा वाचणं आणि युरियाचा दुसरा हप्ता शेजाऱ्याच्या वावराकडे पाहून न ठरवणं, एवढं केलं तरी औषधाचे दोन फवारे वाचण्याची शक्यता असते.

खरी अडचण येते ती डिसेंबरनंतर. शेंदरी अळी हंगामाच्या शेवटी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत निजून राहते किंवा, पाणी असलेल्या शेतकऱ्यानं फरदड ठेवली असेल, तर खातपीत पुढच्या वर्षात जाते. फरदड म्हणजे वेचणी झालेल्या पऱ्हाटीला पुन्हा पाणी आणि युरिया देऊन घेतलेला जादा बहर. कृषी विद्यापीठं, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, कृषी खातं सगळे फरदड घेऊ नका म्हणून कानीकपाळी ओरडतात. पण भाव चढा असला आणि कालव्याचं आवर्तन सुटलं, की दोन क्विंटल कापूस सोडून द्यायला माणसाचा हात धजत नाही. दहा शेतकऱ्यांनी पऱ्हाटी उपटली आणि अकराव्यानं ठेवली, तरी पतंगाला एवढं पुरतं. जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीतूनही तो निघतोच.

फरदड न घेणाऱ्यांसाठी एक शिफारस आहे, जिला ना गोणी लागते ना डबा. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या सोडायच्या. उरलेली, किडकी, न फुटलेली बोंडं त्या अळीसकट खाऊन टाकतात आणि रात्री तिथेच बसवल्या तर लेंडीखत पडतं. मेंढ्या बसवायचे धनगराला पैसे किंवा धान्य द्यायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मात्र त्याआधी शेवटचा फवारा कधी आणि कशाचा मारला हे त्याला खरं सांगायला हवं आणि डब्यावर लिहिलेले दिवस उलटू द्यायला हवेत.